घड्याळजीची जाळी

घड्याळजीच्या सासूबाई चौतीस वर्षं जत्रेत जाळी तळत होत्या. जाळी म्हणजे तसं फार मोठं प्रकरण नाही. मैदा, दूध, अंडी, साखर आणि चिमूटभर मीठ यांचं सरबरीत पीठ करायचं. ते नरसाळ्यात घ्यायचं, तोटीखाली बोट धरायचं, पसरट कढईतल्या गरम तेलावर हात न्यायचा, बोट काढायचं आणि धार सोडत हात फिरवायचा. ताटलीएवढी जाळी फुलून वर आली की उलटायची, निथळायची आणि वरून पिठीसाखर भुरभुरवायची. ऐकायला अगदी सोपं आहे. ऐकायला तर पोहणंही सोपंच असतं.

सासूबाईंचं काम बघायला लोक थांबायचे, आणि थांबलेले लोक मग खायचेही. त्यांची जागा आकाशपाळण्याच्या मोठ्या चक्राच्या उतरायच्या दाराशी होती. चक्रातून उतरलेला माणूस दोन पावलं इकडे, दोन तिकडे करत त्यांच्या कढईसमोरच येऊन उभा राहायचा. "या, टेका इथे," त्या म्हणायच्या. "डोकं जागेवर येईतो जाळी होते. वरून ओरडत होता ते तुम्हीच ना? मला वाटलं कुणाचं बाळ हरवलं." माणूस हसायचा, त्याची बायको जास्त हसायची, आणि तेवढ्यात जाळी तयार असायची. ती कधी ओतली, कधी उलटली, ते कुणाला कळायचं नाही. बोलणारी बाई वेगळी आणि तळणारी वेगळी असावी, असंच वाटायचं.

घड्याळजी पहिल्यांदा त्या कोपऱ्यावर गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. दुकानात नुकताच बसायला लागला होता. दिवसभर वेळ चुकणारी घड्याळं उघडायची, पुसायची, जुळवायची, आणि संध्याकाळी ती पुन्हा चुकायची. अशा माणसाने मनगटावरच्या घड्याळात बघून ओळीने अकरा जाळ्या मोजल्या. प्रत्येक जाळीला एक मिनिट दहा सेकंद. दोन सेकंद इकडे किंवा तिकडे, त्याहून जास्त नाही. आणि त्या बाईंच्या आसपास घड्याळ सोडा, साधं कॅलेंडरही नव्हतं. तो थक्क झाला. त्या संध्याकाळी त्याने पाच जाळ्या खाल्ल्या. त्यांच्यावर साखर भुरभुरवणारी मुलगी पुढे त्याची बायको झाली. नातेवाईक अजून म्हणतात की हा मुलीसाठी रोज जत्रेत जायचा. ते खरं आहे, पण निम्मंच.

गेल्या थंडीत सासूबाई ओल्या पायरीवरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. दोन हाडं, एक पट्टी, सहा स्क्रू. डॉक्टरांनी सांगितलं, कप धरता येईल, केस विंचरता येतील, पण मनगट पूर्वीसारखं फिरणार नाही. मुलगी हॉस्पिटलात नर्स. तिने आईला सरळ आपल्या घरी आणलं आणि मागच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची टाकून दिली. तीन महिने त्या खुर्चीत बसून होत्या. हजारो अनोळखी माणसांशी बोललेली बाई आता "हं", "नको" आणि "ठेव तिथे" एवढ्यावर दिवस काढू लागली.

घड्याळजी स्वतः मुलखाचा अबोल. गिऱ्हाइकाने घड्याळ दिलं की "गुरुवारी" म्हणायचं आणि गुरुवारी ते परत द्यायचं, एवढंच त्याचं संभाषण. त्यामुळे घरात शांतता असली तर तो खुश असायला हवा होता. पण गप्प माणसाला दुसऱ्याचं गप्प राहणं बरोबर ओळखू येतं. सासूबाईंचं गप्प राहणं त्याला बंद पडत चाललेल्या घड्याळासारखं वाटायचं, आणि त्याला भीती वाटायची. ती त्याने कुणाला सांगितली नाही हे वेगळं सांगायला नको.

त्यातच जत्रेच्या ऑफिसातून निरोप आला. जत्रा तीन आठवड्यांवर आली आहे, चक्राजवळची जागा ठेवणार की सोडणार ते शुक्रवारी दुपारी बाराच्या आत कळवा, दुसरा माणूस वाट बघतो आहे. दुसरा माणूस म्हणजे एक सरबतवाला.

"देऊन टाक," सासूबाई मुलीला म्हणाल्या. "माझं झालं."

"आई, तू नुसती बस. तळायला कुणाला तरी ठेवू."

"मी काय शोभेला बसू? बाहुली आहे का मी?"

सासूबाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. जेवणाचं ताट तसंच परत गेलं, आणि ते उचलताना घड्याळजीच्या मनाने घेतलं की ही जागा जाऊ द्यायची नाही. जागा गेली तर या बाई खुर्चीतून पुन्हा उठायच्या नाहीत, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. बायकोच्या हाताला ते काम जमत नव्हतं. उरला कोण, तर तो.

सोमवारी त्याने दुकान दुपारीच बंद केलं. बायको ड्यूटीवर होती. माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली, नरसाळं, उलथनं आणि कढई घासूनपुसून लख्ख केली आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. मग जे झालं ते घड्याळजीच करू जाणे. त्याने मैदा तीनदा चाळला. पीठ भिजवल्यावर गुठळी राहिली नाही ना, हे डोळ्याला भिंग लावून पाहिलं. तेल किती तापलं ते कळायला बायकोचं ताप बघायचं थर्मामीटर हातात घेतलं, आकडे वाचले आणि मुकाट्याने परत ठेवून दिलं.

"तेल अजून गार आहे," मागच्या खोलीतून आवाज आला.

घड्याळजी दचकला. मध्ये दोन दारं होती.

"तुम्हाला कसं कळलं?"

"ऐकू येतंय." थोडा वेळ गेला. "आता एक थेंब टाका. बुडून लगेच वर आला का?"

"आला."

"मग बघत काय बसलात?"

त्याने ओतलं. मधून सुरुवात केली, बाहेर बाहेर जात नऊ वेढे काढले. दोन वेढ्यांत सगळीकडे अगदी सारखं अंतर. कंपासने काढावं असं वर्तुळ तेलात तरंगायला लागलं, सोनेरी झालं, आणि घड्याळजीचा ऊर भरून आला. त्याने उलथनं खाली सारलं आणि उचललं. वेटोळं सुटलं. उलगडत उलगडत त्याची एक लांबलचक दोरी झाली. अर्धी उलथन्यावर, अर्धी कढईत, आणि मधली शेगडीवर लोंबत राहिली. दुसरी तशीच झाली. तिसरी तर कढईतच मोडली.

बायको आली तेव्हा ताटात अकरा सुटलेल्या दोऱ्या होत्या आणि नवरा स्टूलावर बसून त्यांच्याकडे बघत होता. तिने एक उचलली, साखरेत बुडवली आणि खाल्ली.

"चव तीच आहे," ती म्हणाली. "ही काय, गुंडाळून खायची?"

"शुक्रवारपर्यंत जमलं तर आई जागा सोडणार नाहीत."

ती हसायची थांबली. हात पुसत त्याच्या शेजारी टेकली. "मी सोळा वर्षं तिच्या शेजारी उभी होते. साखर भुरभुरवायचं सोडून मला काही आलं नाही. ती ओतायला लागली की मी बघतच बसायचे."

"मीपण," तो म्हणाला.

मंगळवारी सासूबाई स्वतःहून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. जावयाची पहिली जाळी सुटताना पाहिली, दुसरी पाहिली. तिसऱ्या वेळी राहवलं नाही.

"जावईबापू, ही जाळी आहे का गोगलगाय? धार धारेवरून गेली पाहिजे. ओलांडते तिथे चिकटते. चिकटली तर धरून राहील ना. तुमची प्रत्येक धार एकटीच चाललीय, शेजारणीशी भांडण झाल्यासारखी."

घड्याळजीला एका वाक्यात सगळं समजलं. समजणं हा त्याचा धंदाच होता. पण हात ऐकेना. घड्याळाच्या आतल्या केसाएवढ्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ पुढे पळतं. वीस वर्षं त्याने ते चिकटलेले वेढे चिमट्याने सोडवले होते. वेढ्याला वेढा लागू द्यायचा नाही, हे त्याच्या बोटांत पुरतं मुरलेलं होतं. आता त्याच बोटांना सांगायचं की लागू दे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. धार दुसऱ्या धारेजवळ आली की त्याचा हात आपोआप बाजूला व्हायचा.

"वेडंवाकडं ओता," बुधवारी सासूबाई म्हणाल्या. आता त्या आत येऊन स्टूलावर बसल्या होत्या.

त्याने वेडंवाकडं ओतलं. तीनदा उजवीकडे, दोनदा डावीकडे, पुन्हा तीनदा उजवीकडे. सासूबाईंनी मान पुढे करून कढईत पाहिलं.

"तुमचं वाकडंही पट्टीने आखलेलं असतं हो," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा होता, पण थोडं कौतुकही होतं. "डोळे मिटून ओता बघू."

डोळे मिटून ओतलेलं पीठ निम्मं कढईत आणि निम्मं शेगडीवर गेलं. जळका वास घरभर पसरला, शेजारीण काय जळतंय म्हणून विचारून गेली. खिडक्या उघडता उघडता घड्याळजीने विचारलं, "आई, तुम्ही नेमकं कसं करता? मनगट आधी फिरतं की कोपर?"

"मला काय माहीत? मी कधी बघितलंच नाही."

हे उत्तर ऐकून त्याला हसावं की रडावं ते कळेना. पण सासूबाई उठल्या. "द्या इकडे," म्हणाल्या, आणि नरसाळं डाव्या हातात घेतलं. उजव्या हाताचं बोट तोटीखाली लावायला गेल्या, तर मनगट तिथवर वळेना. त्यांनी दात आवळून ते वळवायचा प्रयत्न केला. बोट निसटलं, पीठ भसकन कढईत पडलं आणि त्याचा एकच गोळा झाला. तेल उडालं. घड्याळजीने चटकन शेगडी बंद केली. सासूबाई त्या गोळ्याकडे पाहत राहिल्या. बाहेरून लाल आणि आतून कच्चा असा गोळा चौतीस वर्षांत त्यांच्या कढईत कधी पडला नव्हता. त्यांनी नरसाळं हळूच ओट्यावर ठेवलं आणि मागच्या खोलीत निघून गेल्या.

हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, असं घड्याळजीला वाटलं. स्वतःचं झालं असतं तर त्याची हरकत नव्हती. पण त्याने ते सासूबाईंना करायला लावलं, आणि त्याबद्दल त्याला स्वतःचा फार राग आला. ओटा पुसताना त्याने तीनदा ठरवलं की जाऊन माफी मागायची, आणि तीनदा दारापर्यंत जाऊन परत आला. शब्द नेहमीसारखे वेळेवर हजर नव्हते.

गुरुवारी सासूबाईंनीच त्याला हाक मारली. "बसा," म्हणाल्या. "तुमचा हात सोन्यासारखा आहे. मी चार मुलींना शिकवायला घेतलं होतं, एकीचाही हात इतका स्थिर नव्हता. पण तो माझ्या कामाचा नाही. त्याला तुमचा काही दोष नाही. उद्या मीच फोन करते आणि सांगते."

"अजून एक दिवस आहे, आई."

"एका दिवसात हात बदलतो का?" असं म्हणून त्यांनी पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

शुक्रवारी बायकोची सकाळची ड्यूटी होती. घड्याळजीने दुकान उघडलंच नाही. दहा वाजता पीठ भिजवलं, साडेदहाला कढई चढवली, आणि अकरा वाजेपर्यंत सात जाळ्या तळल्या. सातही सुटल्या. पहिले पाढे पंचावन्न. आता तो जिद्दीने तळत नव्हता. हात थांबला तर विचार करावा लागेल, म्हणून तळत होता.

पावणेबाराच्या सुमारास सासूबाई आल्या. केस विंचरलेले, अंगावर धुतलेले कपडे. जायचंच आहे तर नीटनेटकं जावं, असा त्यांचा एकूण बेत दिसत होता. मोबाइल स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता. त्यांनी तो डाव्या हाताने उचलला, आकडे दाबले, आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. घड्याळजीने नुकतंच नरसाळं भरून तोटीखाली बोट लावलं होतं. तो तसाच, हात कढईवर धरून थांबला.

"ऑफिस ना? मी चक्राजवळची जाळीवाली. हो, बरी आहे. जागेचं सांगायला फोन केला. यंदा मी काही..." त्या थांबल्या. मग भलतंच विचारलं. "कुणाला देताय म्हणालात? सरबतवाला? तिथे? अहो, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

पलीकडून कारकून काहीतरी म्हणाला.

"तसं नाही, ऐकून तरी घ्या. चक्रातून उतरलेल्या माणसाच्या पोटात आधीच सगळं हिंदकळत असतं. त्याला तुम्ही थंडगार सरबत पाजणार? तो ते घेईल, दोन पावलं चालेल आणि तुमच्याच ऑफिसच्या दारात आणून परत करील. मग पुसत बसा. तिथे गरम लागतं, कोरडं लागतं, दोन्ही हातांनी धरावं लागेल असं काहीतरी लागतं. हातात काही आलं की माणसाचे पाय जमिनीवर येतात. आणि त्याला बोलतं करावं लागतं. तो घाबरलेला असतो हो, बायकापोरांसमोर कबूल करत नाही एवढंच. दोन वर्षांमागे एक पैलवान उतरला, हा एवढा दांडगा. माझ्या टेबलाचा कोपरा धरून उभा, सोडेचना. मी म्हटलं, भाऊ, टेबल फिरत नाहीये, तुम्हीच फिरताय..."

घड्याळजी ऐकत होता. नुसता ऐकत नव्हता, त्याने सगळे प्राण कानात आणले होते. तीन महिन्यांत त्याने हा आवाज ऐकला नव्हता. सासूबाईंच्या गालांवर रंग चढत होता, मोकळा हात हवेत त्या पैलवानाची उंची दाखवत होता, भुवया वर गेल्या होत्या. बाई किती सुंदर बोलतात, असं त्याला वाटलं, आणि त्याचे डोळे भरून आले. पैलवानाचं पुढे काय झालं ते त्याला काहीही करून हवं होतं. नरसाळं हलकं झालं आहे, एवढंच केव्हातरी त्याच्या हाताला जाणवलं.

"...शेवटी त्याच्या आईने येऊन त्याचा हात सोडवला," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांची नजर कढईवर गेली. त्या बोलायच्या थांबल्या. फोन कानापासून खाली आला.

"वळव," त्या म्हणाल्या. "अरे बघतोस काय, वळव, करपेल."

इतक्या वर्षांत त्यांनी जावयाला अरेतुरे केलं नव्हतं. त्याने घाईने उलथनं सारलं आणि उलटलं. कढईत जाळी होती. धारेवर धार, गाठीवर गाठ, एकीकडे दाट, एकीकडे विरळ, कडेला एक शेपूट बाहेर आलेलं. ती अख्खी उलटली. उलथन्याने उचलून धरली तरी एक धागा सुटला नाही. तेल टपटप गळत राहिलं आणि दोघं तिच्याकडे बघत राहिले.

"कशी केली?" सासूबाईंनी विचारलं.

"मला काय माहीत?" घड्याळजी म्हणाला. "मी बघितलंच नाही."

"अजून एक ओता."

त्याने नरसाळं भरलं, कढईवर धरलं, नजर तेलावर रोखली आणि बोट काढलं. नऊ वेढे, सारख्या अंतराचे. उलटायला गेला तर सुटले. ओट्यावर ठेवलेल्या फोनमधून बारीक आवाज येत होता, "हॅलो, बाई? आहात का? हॅलो?"

सासूबाईंनी त्या सुटलेल्या दोरीकडे पाहिलं, मग ताटातल्या जाळीकडे, मग जावयाच्या तोंडाकडे. स्टूल ओढून त्या बसल्या. काहीतरी मनात जुळत होतं आणि ते जुळेपर्यंत त्यांनी कुणालाही मध्ये येऊ दिलं नाही. फोनला तर नाहीच.

"चौतीस वर्षं," त्या हळू म्हणाल्या. "मला वाटायचं हात काम करतो आणि तोंड आपलं वेळ घालवतं. मनगट गेलं तर म्हटलं, गेलं सगळं. आणि इथे निम्मं काम तोंडच करत होतं की हो. हाताला मोकळं सोडत होतं. मी त्या पोरींना शिकवताना म्हणायचे, गप्प बसा, लक्ष द्या. कशा शिकतील?"

आणि त्या रडायला लागल्या. पडल्या तेव्हा रडल्या नव्हत्या, टाके घालताना रडल्या नव्हत्या, आता मात्र अगदी मोकळेपणाने, नाक ओढत रडल्या. घड्याळजी उलथनं हातात घेऊन उभा राहिला. त्याने जवळचा स्वच्छ रुमाल पुढे केला. तो पिठाने माखलेला निघाला, पण त्यांनी त्यानेच डोळे पुसले.

मग फोन उचलला.

"आहे, आहे, जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "काय? बाराला चार मिनिटं? मग घाई कसली. जागा सोडतेय असं कोण म्हणालं? मी म्हणाले? मी यंदा काही, एवढंच म्हणाले. पुढचं तुमचं तुम्ही लावलंत." पलीकडचं ऐकून घेतलं. "मनगट गेलंय हे खरं आहे. तोंड शाबूत आहे. लिहून घ्या, चक्राजवळ जाळी, माणसं दोन. ओतणारा एक आणि बोलणारी एक. ओतणारा कोण म्हणजे? आहे माझ्याकडे. हात असा आहे त्याचा की घड्याळाचं पोट उघडून पुन्हा शिवतो. सरबतवाल्याला झोपाळ्यांपाशी बसवा, तिथे लोकांना तहान लागते. आणि काय हो, लिहिताय ना? मला पेनाचा आवाज येत नाहीये."

कारकून बहुतेक लिहीत होता. कढईतलं तेल मंद आवाज करत होतं, आणि तो आवाज ऐकून सासूबाईंनी बोलता बोलताच जावयाला शेगडी थोडी मोठी करायची खूण केली. फोन ठेवला तेव्हा बारा वाजायला एक मिनिट कमी होतं. हे घड्याळजीने पाहिलं, सासूबाईंनी नाही.

त्याला पुष्कळ सांगायचं होतं. वीस वर्षांपूर्वी ओळीने अकरा जाळ्या मोजल्या होत्या ते सांगायचं होतं. दिवसभराची घड्याळं उघडून झाली की तो त्या कोपऱ्यावर येऊन उभा राहायचा, आणि त्या बोलत असताना एखादी गोष्ट बिघाडाशिवाय चालू शकते असं वाटून त्याला बरं वाटायचं, हेही सांगायचं होतं. बायकोला त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. शेवटी त्याने नरसाळं काठोकाठ भरलं, तोटीखाली बोट लावलं, कढईवर हात धरला, आणि कढईकडे पाठ करता येईल तेवढी करून सासूबाईंकडे तोंड केलं.

"आई," तो म्हणाला, "बोला."

त्या बोलू लागल्या, आणि त्याने बोट काढलं.